डाव्या अंगाचा बैल

बैलजोडीत एक डाव्या अंगाचा असतो, एक उजव्या अंगाचा. ज्याला कोवळ्या वयात जुवाच्या डाव्या बाजूला शिकवलं, तो जन्मभर डावीकडेच चालतो. बाजू बदलली तर तो तिरका होतो, अडतो, मान जुवातून काढायला बघतो. म्हणून जोडीतला एक गेला की नुसता बैल शोधून भागत नाही, त्या बाजूचा शोधावा लागतो. आमचा गेला तो डावा होता.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. पैशासाठी झालं असं गावात बोललं गेलं. तेही खोटं नाही.

आमचं गाव कोरीटच्या बाजूला, तापीच्या सपाटीवर. शेत फार नाही, कोरडवाहू जास्त. नवऱ्याला आमच्याकडे मालक म्हणतात, मीही तेच म्हणते. शेत आणि जनावरं मालकांकडे, हिशेब माझ्याकडे. बचत गटाचा हिशेबही मीच ठेवते. आकड्यांत चूक राहिली की मला जेवण जात नाही, हा माझा स्वभाव आहे. त्यावरून घरात चेष्टा होते.

उन्हाळ्याचे शेवटचे दिवस होते. दुपारी आभाळ काळं झालं, तेव्हा मी अंगणात वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे पापड गोळा करत होते. मालक वावरात होते. कडब्याच्या गंजीवर ताडपत्री टाकायला गेले होते. दोन्ही बैल बांधावरच्या निंबाखाली बांधलेले. ताडपत्री बांधून झाल्यावर त्यांनी उजव्याला सोडलं आणि पाणी पाजायला हौदावर नेलं. हौद लहान आहे, ते एका वेळी एकालाच नेतात. डाव्याची पाळी नंतर होती. तेवढ्यात निंबावर वीज पडली.

आवाज घरापर्यंत आला. असा आवाज दर वर्षी होतो, म्हणून मी बिबडे गोळा करत राहिले. शेजारचे आबा सायकलवर आले ते भिजूनच. आबा मालकांचे चुलत चुलते लागतात, त्यांचं वावर आमच्या वावराला लागून आहे.

“सूनबाई, चाल वावरमा. घाबरू नको, मानूस बरा शे,” ते म्हणाले.

माणूस बरा आहे असं आधी सांगितलं, म्हणजे दुसरं काहीतरी गेलं हे कळलं.

निंबाच्या खोडावरची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका पट्टीत सोलून निघाली होती आणि आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. बैल कुशीवर पडला होता, चारही पाय ताठ. पोटाखाली तळहाताएवढे केस जळले होते. बाकी अंगावर काही खूण नव्हती. दावंसुद्धा तसंच होतं. मालक हौदाजवळ उभे होते, उजव्याचा दोर हातात धरून. ते तिथून हलले नव्हते. दोर कुठे बांधावा हे त्यांना सुचलं नव्हतं. मी जाऊन तो त्यांच्या हातातून घेतला. त्यांनी दिला.

“मानूसवर पडती ते काय करतूत?” आबा म्हणाले. “देव पावना म्हन.”

मला रडू आलं नाही. आठवतं ते एवढंच की उजवा बैल हौदातलं पाणी पीत होता आणि मी त्याचं पिऊन होईपर्यंत थांबले.

बैलाला मूठमाती द्यायची आमच्या घरची रीत आहे. सासऱ्यांच्या वेळेपासून एकही बैल आम्ही कातडं काढायला दिलेला नाही. जेसीबीवाला फोनवर यायला तयार होता, पण मालकांनी नकारार्थी मान हलवली. गल्लीतल्या माणसांनी संध्याकाळी खणायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, बैल खड्ड्यात उतरवला. खाली मीठ, वर मीठ. मी हळदकुंकू वाहिलं, गव्हाची पोळी तोंडाशी ठेवली. तोंड गोठ्याच्या दिशेला करतात, तसं केलं.

त्याआधी आणखी एक गोष्ट करतात. माणसानं बांधलेलं त्याच्या अंगावर काही ठेवत नाहीत. जन्मभर बांधून काम घेतलं, आता मोकळा जाऊ दे, असा त्यातला अर्थ. मालकांनी वेसण कापली, तोंडावरची दोरीची मोरकी काढली, गळ्यातली घुंगरं सोडली. मग कानातला पिवळा बिल्ला राहिला. तो सरकारी, लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांच्या माणसानं मारलेला, त्यावर लांबलचक नंबर. एकानं म्हटलं, तो राहू द्या.

“बांधेल काहीच नको त्याना अंगवर,” मालक म्हणाले आणि विळ्यानं तो बिल्ला दांडीपाशी कापला.

आबांनी खिशातून मोबाइल काढला होता.

“फोटो नका काढू, आबा.”

“आठवन म्हनीसन काढी ऱ्हायनू भाऊ.”

“आठवन माले शे,” मालक म्हणाले आणि मोबाइलच्या काचेवर हात ठेवला.

वेसण, मोरकी, घुंगरं आणि बिल्ला एका फडक्यात बांधून मी गोठ्यातल्या खुंटीला अडकवले. अमावास्येला ते तापीत सोडायचे असतात.

पंचनामा मला माहीत होता. मागे गारपीट झाली, तेव्हा कापसाची मदत खात्यात आली होती. पण पंचनामा पिकाचा असतो, असं मी धरून चालले होते. रविवारी दुपारी गटातली एक बाई भेटायला आली. ती म्हणाली, वीज पडून जनावर गेलं तर त्याचीही मदत मिळते, तिच्या माहेरी खांडबाऱ्याकडे एकाला मिळाली होती. सोमवारी मी सातबारा, आधार, पासबुक घेऊन तलाठी कार्यालयात गेले. ओढकामाच्या मोठ्या जनावराला बत्तीस हजार, असं तिथे कळलं.

बाकावर चार-पाच माणसं होती, सगळी त्याच वादळाची. कुणाच्या घराचे पत्रे उडाले होते, कुणाची पपई आडवी झाली होती. मी कशासाठी आले ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

“आते व्हई काम,” एक म्हातारा म्हणाला. “जित्ता बैलले कोनी इचारत नही. मरना का त्याले नंबर लागस.”

“तुमनाबी नंबर लागी आप्पा, घाई नका करा,” दुसऱ्यानं म्हटलं. सगळे हसले. मीही हसले असेन.

तलाठी तरुण मुलगी होती, माझ्या भाचीएवढी. तिनं सगळे कागद नीट पाहिले. “काकू, तुमचे कागद सगळे आहेत. फक्त शवविच्छेदनाचा दाखला लागेल. तो पशुवैद्यकीय डॉक्टर देतात. आणि मृत जनावराचा फोटो, टॅगसकट.”

“पुरला आम्ही त्याला. काल सकाळी.”

“फोटो?”

“नाही.”

“टॅग?”

“कापला. घरी आहे.”

तिनं पेन खाली ठेवलं. “टॅग कानात असता तर नंबरावरून जनावर तेच हे म्हणता आलं असतं. कापलेला टॅग कुणीही आणू शकतं, काकू. बैल विकून टॅग घेऊन येणारेही असतात. तुम्ही तसल्या नाहीत हे मला दिसतंय, पण दिसतंय असं मला लिहिता येत नाही.”

तिचं बरोबर होतं. गटाच्या हिशेबात कुणी पावतीशिवाय खर्च सांगितला तर मीही तेच म्हणते.

डॉक्टर भले माणूस होते, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांनी मला बसायला सांगितलं. “खोल पुरलंत, मीठ टाकलंत, हे चांगलंच केलंत. फक्त त्याआधी आम्हाला बोलवायचं राहिलं. ताई, शरीर बघितल्याशिवाय मी दाखल्यावर सही करू शकत नाही.”

“मग आता?”

“खड्डा उघडावा लागेल. मिठामुळे अजून एक-दोन दिवस बघण्यासारखं राहील. उद्या सकाळपर्यंत सांगा. मी येतो, तलाठी मॅडमनाही सांगतो. त्यानंतर मात्र उघडून उपयोग नाही.”

मी बसमध्ये हिशेब केला. डावा, शिकलेला, सहा दाती बैल पन्नास हजारांच्या खाली येत नव्हता. बत्तीस मिळाले तर वरचे तुरीच्या पैशातून घालता येतील. नाही मिळाले तर बैल येणार नाही. मग उजवा एकटाच खुंट्यावर उभा, त्याला चारा तेवढाच. पेरणी ट्रॅक्टरनं होईल, पण कापूस उगवल्यावर ओळींमधलं तण काढायची कोळपणी आमच्या वावरात बैलाशिवाय होत नाही, आणि भाड्याची जोडी ऐन वेळी मिळत नाही. एका बैलावर शेती चालत नाही, म्हणून शेवटी उजवाही विकावा लागेल. आणि दोन्ही बैल गेले की मालक सकाळी उठून काय करतील, हा आकडा मला मांडता आला नाही. शाळा सोडल्यापासून ते पहाटे उठून गोठ्यात जातात. दुसरं कुठलंही काम मी त्यांना मनापासून करताना पाहिलेलं नाही.

म्हणजे त्यांचे बैल राहावेत म्हणून त्यांचाच बैल उकरून काढायचा होता.

ते गोठ्यात बसले होते. डाव्याच्या रिकाम्या खुंट्याजवळ झाडून ठेवलं होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तलाठी काय म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले, बत्तीस, पन्नास, तूर, कोळपणी. मी कधीही काही लपवून सांगत नाही, तसंच हेही सांगितलं. उजवा रवंथ करत होता.

“आयका ना,” मी म्हटलं. “तुम्ही नही म्हनशात ते राहू देऊ. मी परत नही इचारनार.”

ते म्हणाले, “कोन खंदी?”

“तुम्ही सांगशात तो.”

“दुसरा कोनी नको. मीच खंदसू.”

एवढंच. मी डॉक्टरांना फोन केला.

सकाळी आबा आले. पंच म्हणून सही लागणार होती. गल्लीतल्या दोघांनी फावडं पुढे केलं, तर मालकांनी हातानं नको म्हटलं. ते एकटेच खणत होते. दोन दिवसांपूर्वी खणलेली माती भुसभुशीत होती, लवकर निघत होती. तलाठी आणि डॉक्टर बांधावर निंबाच्या सावलीत थांबले. तलाठीनं ओढणी नाकाला लावली होती. डॉक्टरांनी मास्क आणि हातमोजे घातले. “सगळं उघडायची गरज नाही,” ते म्हणाले, “डोक्याची बाजू आणि पोट दिसलं तरी चालेल. डोकं कुठल्या बाजूला आहे?”

“गोठ्याकडं,” मालक म्हणाले.

पांढरं मीठ लागलं तेव्हा त्यांनी फावडं बाजूला ठेवलं आणि हातानं माती काढायला लागले. वास होता. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. मी काठावर उभी होते, फडकं हातात घेऊन. मी तिथून हलले नाही, कारण हे मीच करायला लावलं होतं.

डॉक्टरांनी पोटावरची जळलेली जागा पाहिली. जागोजागी कापून आत पाहिलं, लिहून घेतलं, फोटो काढले. मग कान बघायला मागितला. बिल्ल्याचा पुढचा पिवळा तुकडा कापला गेला होता, पण मागची गोल चकती आणि दांडीचा थोटा भाग कानातच अडकून राहिला होता. ते आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी फडकं सोडून तुकडा दिला. डॉक्टरांनी तो कानातल्या थोट्याला लावून पाहिला. विळ्याचा काप तिरका गेला होता. दोन्ही कडा बरोबर जुळल्या.

“बरोबर आहे,” डॉक्टर म्हणाले. “तोच आहे. कान जरा वर धरा, फोटो घेतो.”

मालकांनी कान धरला. लस टोचताना ज्या हातानं धरत, त्याच हातानं. डॉक्टरांनी दोनदा फोटो काढला, पहिला हलला होता.

“झालं,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, “हे दाखल्यासोबत जोडावं लागेल,” म्हणून पिवळा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. तलाठीनं पंचांच्या सह्या घेतल्या. जाताना ती मालकांना म्हणाली, “काका, माफ करा हं.” मालकांनी मान हलवली. खड्डा बुजवताना पुन्हा मीठ लागणार होतं. मला ते सुचलं नव्हतं. मालक सकाळीच एक गोणी आणून बांधाआड ठेवून आले होते.

अमावास्येला तापीत वेसण, मोरकी आणि घुंगरं सोडली. बिल्ला तेवढा राहिला. तो कार्यालयात आहे.

पुढे काही दिवस माझ्या फोनवर, कागद पुढे गेला, ओळख पटवून घ्या, असे निरोप येत राहिले. सेवा केंद्रात मालकांचा अंगठा मशीनवर उमटेना. खड्डा एकट्यानं उकरून आणि पुन्हा बुजवून हाताला फोड आले होते आणि कातडी निघत होती. केंद्रातला माणूस म्हणाला, हात बरा झाला की या. मृगाचा पाऊस झाला तरी पैसे आले नव्हते.

आबांनी आपल्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हणून होळीआधी विकला होता. त्यांच्याकडे एक, आमच्याकडे एक. आम्ही सावड केली, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाखाली, दोन दिवस त्यांचं वावर, दोन दिवस आमचं. पण आबांचा राहिलेला बैलही उजव्या अंगाचाच होता. कोणाला तरी डावीकडे घालणं भाग होतं. आबांचा घातला. तो पहिल्याच तासाला तिरका झाला, मग आमचा अडला. ओळी वाकड्या गेल्या.

“दोन्ही नवरदेवच शेतस,” आबा बांधावरून म्हणाले. “नवरी कोठून आनानी?”

मालक हसले नाहीत, पण त्यांनी मागे वळून आबांकडे पाहिलं. त्या महिन्यात त्यांनी कुणाकडे पाहिलं असं मला आठवणारं ते एवढंच. बाकी ते काम करत होते, जेवत होते, विचारलं तर उत्तर देत होते. रागावलेले नव्हते. मी एकदा विचारलं, मी चुकले का. “नही,” ते म्हणाले. “तुन्हा हिशोब बरोबर शे.”

पैसे श्रावणात आले, कोळपणी होऊन गेल्यावर. मी गटाच्या बैठकीत होते. फोन वाजला, बत्तीस हजार जमा. मी तो संदेश दोनदा वाचला आणि बैठक पुढे चालू ठेवली. घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले.

पोळ्याच्या आधी बाजारातून डावा बैल आणला. वर अठरा हजार घालावे लागले, म्हणजे माझा हिशेब बरोबर निघाला. चांगला बैल आहे. पहिल्याच दिवशी उजव्याच्या शेजारी सरळ चालला. त्याच्या कानातही पिवळा बिल्ला आहे. मालक त्याला चारा आधी घालतात, घासूनपुसून ठेवतात. त्याला हाक मात्र मारत नाहीत. जुन्याला हाक मारायचे.

परतीच्या पावसात एका दुपारी नाल्याला पूर आला. आबांची गाय पलीकडून येताना वाहून गेली. पाणी ओसरल्यावर ती खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. आबा चिखलात बसून होते. माणसं जमली. कुणी कुदळ आणायला पळालं, कुणी मिठाला. एकानं विळा आणून आबांच्या हातात दिला, रीतीप्रमाणे.

मालक मागून आले. त्यांनी आबांच्या हातातला विळा घेतला, गळ्यातला दोर कापला, मोरकी काढली. मग विळा खाली ठेवला.

“बिल्ला ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. ते कधी फोटो काढत नाहीत. कुठे दाबायचं ते त्यांनी मला विचारलं, मी दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, गायीचा चिखलानं भरलेला कान उपरण्यानं पुसला, नंबर वाचता येईल असा धरला.

“काढ भाऊ,” आबा म्हणाले. “नीट काढजो.”

फोटो काढून झाल्यावर मालकांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, रस्ता बंद आहे, यायला उशीर होईल, तोवर काही हलवू नका. माणसं थोडा वेळ थांबली आणि एकेक करून गेली. आबांना मी घरी नेलं. परत आले तेव्हा मालक तिथेच होते. गायीच्या अंगावर ओलं पोतं टाकलं होतं, कान तेवढा उघडा ठेवला होता, आणि ते शेजारी बसून उपरण्यानं माशा हाकलत होते.